मोहरीची काडतुसे

गेल्या वैशाखात आमच्या छत्रीबागेतील जुन्या घराचा माळा उतरविण्याचे काम निघाले. घराच्या वाटण्या पूर्वीच झाल्या होत्या; राहिला होता तो केवळ माळा, आणि माळ्यावर तीन पिढ्यांनी ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेला संसार. पितळी समया, मोडका पाळणा, पंचांगांचे गठ्ठे, एक निकामी बाजाची पेटी. त्या पसाऱ्यात विलायती बिस्किटांचा एक गंजलेला डबा निघाला. नातवाने तो हलवला तेव्हा आत काही खुळखुळले. झाकण उघडताच तळाशी सात बारीक पितळी नळकांडी दिसली; करंगळीहूनही बारीक, हिरवट कळा चढलेली. नातू हसून म्हणाला, “आबा, खेळण्यातली काडतुसे जपून ठेवलीत की काय?”

मी डबा त्याच्या हातून घेतला आणि खाली ओट्यावर येऊन बसलो. तिरेसष्ट-चौसष्ट वर्षांमागची श्रावणातली एक संध्याकाळ त्या डब्यात होती. आजवर ती मी कोणाजवळ उघडली नव्हती. आता उघडतो, कारण ज्याच्यासाठी ती झाकून ठेवली होती तो माझा धाकटा भाऊ 2024 साली गेला, आणि माझेही वय आता झाकपाक करण्याचे राहिलेले नाही.

ती काडतुसे खेळण्यातली नव्हती. पण मोठ्या शिकारीचीही नव्हती. आजोबा त्यांना ‘मोहरीची काडतुसे’ म्हणत, आणि ज्या बंदुकीत ती चालत तिला घरात ‘उंदरांची बंदूक’ असे नाव होते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीची ती एकनळी बंदूक नऊ मिलिमीटर व्यासाची, वजनाला हलकी, नळी आतून गुळगुळीत. विलायतेत अशा बंदुकीला बागेची बंदूक म्हणतात. फळबागेतले पक्षी आणि कोठारातले उंदीर यांच्यासाठीच ती केलेली. होळकरशाहीत नोकरीस असताना आजोबांनी ती एका निवृत्त होऊन मायदेशी निघालेल्या साहेबाकडून रीतसर परवान्यावर घेतली होती.

या जातीच्या काडतुसाचा जन्म फ्रान्समधला. फ्लोबेर नावाच्या पॅरिसच्या बंदूककाराने 1845 साली ही युक्ती काढली. नेहमीच्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक टिकली असते आणि घोड्याची सुई तिच्यावर बसते. फ्लोबेरच्या काडतुसाला अशी वेगळी टिकली नाही. बुडाची जी बाहेर आलेली कड असते, ती आतून पोकळ ठेवून तिच्यातच ठोक्याने पेटणारे मसाल्याचे द्रव्य भरलेले असते. घोडा पडला की ती कड चेपली जाते, मसाला पेटतो आणि काम होते. रचना सोपी, म्हणून स्वस्त; पण कड चेपण्याइतकी पातळ ठेवावी लागते, म्हणून फार जोराची दारू या काडतुसाला सोसत नाही. एकदा उडालेले नळकांडे पुन्हा भरताही येत नाही. पुढे अमेरिकेत 1857 साली याच तत्त्वावर बावीस बोरचे लहान काडतूस निघाले आणि 1887 च्या सुमारास त्याची लांब आवृत्ती आली; तीच आज जगभर नेमबाजीच्या सरावाला वापरतात. त्या बावीस बोरमध्येही गोळीऐवजी छर्रे भरलेली काडतुसे मिळतात. त्यातले एकूण शिसे दोन ग्रॅमच्या आसपास. पण छर्रा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे खरोखरच मोहरीएवढा असल्याने एका काडतुसात दीडशेच्या वर दाणे मावतात. आमच्या नऊ मिलिमीटरच्या काडतुसात त्याहून अधिक मावत. तरी 12 बोरच्या मोठ्या काडतुसातल्या तीस ग्रॅम शिशाच्या मानाने तो चौथा हिस्साच म्हणावयाचा.

अशा दाण्याचे बळ जवळच्या जवळ. दाणा हलका, त्यामुळे हवेतच त्याचा वेग मरतो. पाच-सहा हातांवर सगळे दाणे एका ताटलीएवढ्या वर्तुळात पडतात आणि उंदीर जागीच लोळतो; पंधरा-वीस हातांवर तेच दाणे इतके विखुरतात की जनावर नुसते जखमी होऊन बिळात शिरते व तेथे कुजून मरते. पेच पाडलेल्या रायफलीच्या नळीतून ते सोडले तर पेचामुळे दाण्यांना गरगर मिळते आणि मधोमध भोक राहून ते कडेकडेला फाकतात. म्हणून गुळगुळीत नळीच बरी. आजोबांचा नियम एका वाक्याचा होता : “दहा हातांच्या आत, नाहीतर हातच लावू नये.”

आता कोणी विचारील, की देवाब्राह्मणांच्या घरात, जेथे एकादशीला चूलही बेताने पेटे, तेथे बंदूक आली कशाला? त्याचे उत्तर आजीजवळ होते, आणि ते एका शब्दाचे होते : प्लेग.

छत्रीबाग म्हटले की आज लोकांना होळकरांच्या पूर्वजांच्या छत्र्या आठवतात, नाहीतर व्यंकटेशाच्या देवस्थानाची रथयात्रा आठवते. आमच्या लहानपणी छत्रीबाग म्हणजे दाट वस्ती, लाकडी कामाची घरे, मातीच्या भिंती, दर घरात वर्षाचा गहू भरलेल्या कणग्या, आणि त्या कणग्यांच्या खाली घुशींचे दुसरे शहर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत प्लेग इंदुरात पुन्हा पुन्हा येत राहिला. आजीचे माहेर त्यात निम्मे रिकामे झाले. घरात उंदीर पडला की माणसे उठून शेतात झोपड्या घालीत. परत येत तेव्हा झोपडीत गेलेल्यांपेक्षा घराकडे परतणारे कमी असत. उंदीर आणि प्लेग यांमधला दुवा पिसू आहे, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली कराचीत प्रयोग करून दाखविले. पण विद्वानांना ते पटायला पुढे काही वर्षे जावी लागली, आणि आमच्या बाखळीत पोचायला त्याहून अधिक.

आजोबांपर्यंत ते पोचले एका दिवाळीत. पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटलंडचे विद्वान तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या काळी नगररचनेचा सल्ला देण्यासाठी इंदुरात आले होते. त्यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली येथेच होळकर सरकारच्या छापखान्यात छापला गेला. अहवाल फार थोड्यांनी वाचला असेल, पण गेडीससाहेबांची दिवाळी साऱ्या गावाने पाहिली. जो भाग आपली घरे आणि रस्ते अधिक स्वच्छ करील, तेथून मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले. मग घराघरांतून कचऱ्याचे ढीग निघाले, भिंती सारवल्या-रंगवल्या गेल्या, उंदीर पिंजऱ्यांत धरले गेले. मिरवणुकीत एक राक्षस होता, त्याच्याबरोबर एक प्रचंड उंदीर होता. आणि शुभ्र कपडे घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी रावणासारखे ते सोंग जाळण्यात आले. आजोबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे कारकून होते. ते सांगत, “बाळ, त्या दिवशी पहिल्यांदा कळले की उंदीर मारणे हे काम नव्हे, उंदराला राहू न देणे हे काम.” हे कळूनही त्यांनी पुढे बंदूक घेतली, ही गोष्ट मला त्या काळी विसंगत वाटत नसे. आता वाटते. पण ज्याने अंगणात ताटीवर ताटी पाहिली, त्याला केवळ झाडू हातात घेऊन स्वस्थ झोप आली नसावी.

बंदुकीचे शास्त्र आजोबांनी घरापुरते कडक बांधून दिले होते. धान्याच्या दिशेने कधीही उडवायची नाही, कारण शिशाचा दाणा गव्हात गेला तर तो निवडता येत नाही आणि पोटात विष होतो. मागे दगड किंवा फरशी असेल तर उडवायची नाही. आधी भुश्श्याचे पोते मागे टेकवायचे. मेलेल्या उंदराला हात लावायचा नाही. शरीर थंडावले की पिसवा त्याला सोडून नवे ऊब असलेले अंग शोधतात, म्हणून लांब चिमट्याने उचलून घासलेट ओतून जाळायचे. एकादशी, चतुर्थी व नागपंचमी हे दिवस वर्ज्य. आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब वहीत. स्वातंत्र्यानंतर विलायती काडतुसे मिळेनाशी झाली, तेव्हा हा हिशेब अधिकच काटेकोर झाला. वहीला चार रकाने होते : मिती, जागा, काडतुसे, फळ. ‘मार्गशीर्ष शुद्ध, कोठी, 1, घूस 1.’ ‘पौष वद्य, न्हाणीघर, 1, व्यर्थ.’ अशी पानेच्या पाने. व्यर्थ गेलेले काडतूसही ते लपवीत नसत.

मी बारा वर्षांचा झालो तेव्हा भुश्श्याच्या पोत्यावर कागद लावून त्यांनी मला ती बंदूक दोनदा उडवू दिली. आवाज फारसा नव्हे. जाड पाटी आपटावी तेवढा. खांद्याला धक्का तर नाहीच. ते हलकेपणच घातक ठरले. जी वस्तू हाताला जड लागत नाही तिच्याविषयी मनात धाक राहात नाही.

1961 चा श्रावण. आजोबा तापाने अंथरुणाला खिळले होते, वडील उज्जैनला गेले होते. दिवेलागणीला आई गहू काढण्यासाठी कोठीत गेली आणि ओरडतच बाहेर आली. कोठीत साप होता, पुरुषभर लांब. शेजारच्या काकू धावत आल्या, कोणी म्हणाले नाग आहे, कोणी म्हणाले फणा काढलेला मी पाहिला. आजी देवापुढे जाऊन बसली. घरात पुरुष म्हणावा असा मीच, वय चौदा.

किल्ली कोठे असते ते मला ठाऊक होते. काडतुसे दोन घेतली. धाकटा अकरा वर्षांचा, त्याला मी म्हणालो, “कंदील घेऊन त्या खांबाजवळ उभा राहा आणि हलू नकोस.” तो पालीलाही भिणारा मुलगा, पण दादाने सांगितले म्हणून उभा राहिला. कंदील थरथरत होता, एवढे मला आठवते.

साप कणगीच्या बुडाशी, भिंतीलगत होता. भिंत काळ्या दगडाची. भुश्श्याचे पोते आणण्याचे माझ्या मनातही आले नाही. पहिला बार सहा हातांवरून केला. साप उसळला आणि कोपऱ्यात वेटोळे करू लागला. दुसरा बार मी घाईत केला, थोडा तिरपा. त्या आवाजातच कंदील खाली पडला.

आधी मला वाटले, तो भ्याला. मग काकूंनी दुसरा दिवा आणला तेव्हा दिसले, की त्याने दोन्ही हातांनी डावा डोळा झाकला आहे आणि बोटांच्या फटीतून रक्त येत आहे. दगडावर आपटून उडालेल्या दाण्यांतले दोन त्याला लागले होते. एक पापणीत, एक भुवईच्या हाडावर. दगडावर आदळून त्यांचा जोर मोडला होता म्हणून ते खोल गेले नाहीत. पण गव्हाच्या दाण्याइतके जरी अंतर इकडचे तिकडे होते, तरी डोळा गेलाच होता.

आरडाओरडा ऐकून आजोबा भिंतीला धरून धरून कोठीच्या दारापर्यंत आले. नातवाला त्यांनी शेजारच्या काकांबरोबर टांग्यातून डॉक्टरांकडे रवाना केले. मग काठी टेकीत आत गेले. साप अजून मेला नव्हता. मधूनमधून त्याचे शेपूट फरशीवर आपटत होते. आजोबांनी दिवा खाली धरला, बराच वेळ पाहिले आणि काठीने त्याचे दुःख संपवले. बाहेर येऊन एवढेच म्हणाले, “धामण आहे.”

धामण विषारी नसते हे कोण जाणत नाही? सहा-सात फूट वाढते, अंगाने जाड, चपळ, आणि तिचे मुख्य खाणे उंदीर-घुशी. जेथे बंदुकीची नळी पोचत नाही त्या बिळात ती शिरते. आमच्या कोठीत ती बहुधा कित्येक रात्री आमचेच काम करीत होती. अंधारात, भीतीच्या भरात, तिचा नाग झाला. आपल्या देशात अशा किती धामणी नागाच्या नावावर मेल्या असतील!

आजोबांनी मला मारले नाही, बोललेही नाहीत. त्या रात्री त्यांनी वही मागवली आणि तापाने थरथरत्या हाताने नोंद केली. मी ती दुसऱ्या दिवशी चोरून वाचली. ‘श्रावण वद्य. कोठी. काडतुसे 2.’ आणि फळाच्या रकान्यात : ‘धामण 1. आपलीच.’

त्या एका शब्दाने मला जे केले ते दहा छड्यांनी केले नसते. त्याखाली भावाचा उल्लेख नव्हता. तो शब्द दोघांसाठी होता की काय, हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

त्या हिवाळ्यात घुशी फार झाल्या. धामण गेल्यामुळेच झाल्या, असे मी ठामपणे म्हणणार नाही. तो पावसाळाही मोठा होता आणि नदीकाठची बिळे पाण्याने भरली होती. पण वहीत त्यापुढे एकही नोंद नाही. आजोबांनी बंदूक तेलपाणी करून पेटीत ठेवली ती ठेवलीच. पुढच्या वर्षी कोठीची जमीन उकरून दगड-चुन्याने बांधून घेतली, दारांच्या खालच्या कडांना पत्रा ठोकला, आणि कणग्या काढून पत्र्याच्या कोठ्या आणल्या. खर्च बंदुकीच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. पण घूस पुन्हा कोठीत दिसली नाही. गेडीससाहेबांच्या दिवाळीचा धडा चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आमच्या घरात अंमलात आला, आणि त्याची किंमत एका धामणीने व एका पोराने मोजली.

पापणीतला दाणा डॉक्टरांनी काढला. भुवईचा मात्र हाडाला लागून बसला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला. काढायला जावे तर अधिक चिरावे लागेल, आणि शिशाचा बारीक कण मांसात एका जागी बसला की त्याच्याभोवती कातडीची पिशवी होऊन तो निमूट राहतो, असे त्यांनी सांगितले. तो खरोखर निमूट राहिला, त्रेसष्ट वर्षे. विचारात पडला की भाऊ डाव्या भुवईवर बोट फिरवीत असे. कोणी विचारले तर सांगे, “लहानपणी चेंडू लागला होता.” लग्न झाले, मुले झाली, निवृत्त झाला, चेंडू कायम राहिला. आणि मी तेथेच बसलेला असूनही कधी म्हणालो नाही की चेंडू नव्हे.

बंदूक मी पुन्हा एकदाच हाती धरली. 1963 साली, चीनच्या युद्धानंतर, महाविद्यालयात एन.सी.सी. सक्तीची झाली. बावीस बोरच्या रायफलीने नेमबाजी होती. तेच कडेवर ठोका बसणारे काडतूस, फक्त दाण्यांच्या जागी एकच गोळी. उस्तादांनी हुकूम दिला, सगळ्यांनी झाडल्या; माझ्या पाचही गोळ्या रायफलीत तशाच. उस्ताद म्हणाले, “डरते हो?” मी “हो” म्हटले. ते त्या दिवसांतले माझे एकमेव खरे उत्तर.

आजोबा 1968 साली गेले. 1959 चा शस्त्र कायदा 1962 च्या ऑक्टोबरपासून अंमलात आला होता; परवानेदार वारला की शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानेधारक व्यापाऱ्याकडे जमा करावे, असे तो सांगतो. वडिलांनी बंदूक जमा केली. कोणी सुचवले होते की नावावर करून घ्या, वडील म्हणाले, “घरात एक डोळा वाचला, तेवढे पुरे.” काडतुसेही सगळी दिली असे त्यांना वाटले. हा बिस्किटांचा डबा मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही.

पुढे काळ बदलला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती; कावळा, फळे खाणारे वटवाघूळ, उंदीर यांची नावे तिच्यात होती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच निघाली आणि 2023 च्या एप्रिलपासून तसा अंमल आहे. आता केंद्र सरकारने एखादा प्राणी ठराविक प्रदेशापुरता व मुदतीपुरता उपद्रवी ठरविला तरच तो तसा. धामण तर संरक्षितच. डॉ. सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे, की लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तेथून त्यांचे सारे आयुष्य पक्ष्यांना वाहिले गेले. एका चिमणीने एवढा मोठा माणूस घडवला. माझ्या धामणीने एक भित्रा माणूस घडवला, एवढेच मी म्हणू शकतो.

2019 साली भावाला पाठीच्या दुखण्यासाठी एम.आर.आय. करावयास सांगितले. त्या यंत्रात मोठे चुंबक असते म्हणून आधी विचारतात, शरीरात कोठे धातू आहे काय, विशेषतः डोळ्याजवळ. भाऊ थोडा थांबला आणि म्हणाला, “आहे. छर्रा आहे.” शेजारी त्याची पत्नी होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षे झालेली. तिने चेंडूचीच गोष्ट ऐकलेली. आधी डोळ्यांचे एक्स-रे चित्र काढले, शिसे चुंबकाने ओढले जात नाही याची खात्री डॉक्टरांनी दिली आणि तपासणी झाली. काळ्या चित्रावर तो दाणा तिळासारखा पांढरा उमटला होता. घरी येताना तिने विचारले तेव्हा त्याने सांगितले, “दादा साप मारीत होता, मीच मध्ये धावलो.” त्याने मला फोनवर हे सांगितले तेव्हा तो हसत होता. मी म्हणालो, “बरे.” आणखी काही म्हणण्याची ती वेळ होती, ती मी घालवली. पुन्हा ती आली नाही.

डबा सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाला बरोबर घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. परवान्यावाचून काडतूस बाळगणे हाही गुन्हाच, मग ते कितीही जुने असो. शिवाय कडेतला मसाला जुना झाला म्हणून निरुपद्रवी होतो असे नाही. असे काडतूस ठोकून, तापवून किंवा उघडून पाहण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. नातू वाटेत म्हणत होता, “एक तरी आठवण म्हणून ठेवा.” मी त्याला वही देऊ केली. तेथील तरुण अधिकाऱ्याने सात काडतुसे मोजून घेतली, सगळी हकिकत शांतपणे लिहून घेतली आणि पावती दिली. ‘क्या मारते थे इससे?’ त्याने कुतूहलाने विचारले. मी म्हणालो, “चूहे.” नातू माझ्याकडे पाहू लागला. मग मी म्हणालो, “और एक धामन.”

तेथून मी परस्पर भावाच्या घरी गेलो. भावजय तुळशीला पाणी घालीत होती. मी तिला बसवले आणि सगळे सांगितले. तो मध्ये धावला नव्हता. मी त्याला खांबाजवळ उभे केले होते, कंदील धरायला. पोते टेकवले नव्हते. सापही नाग नव्हता. सांगताना माझा आवाज बसला. तिने पदराच्या टोकाने हात पुसले आणि थोडा वेळ गप्प राहिली.

“कंदील धरून उभे होते म्हणता?” ती म्हणाली. “तरीच. पाल दिसली तर खुर्चीवर चढणारा माणूस सापाच्या मागे धावला असेल, हे मला पाच वर्षे पटतच नव्हते, भाऊजी.”

आणि ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग आत जाऊन तिने चहाचे आधण ठेवले. मी ओट्यावर बसून होतो. समोरच्या भिंतीवर त्याची तसबीर होती. छायाचित्रकाराने भुवईवरचा तो बारीक उंचवटा पुसून टाकला होता. मी तिला म्हटले, मूळ चित्र असेल तर तेच लावा. ती आतून म्हणाली, “आजच बदलते.”

वही आता नातवाजवळ आहे. शेवटच्या नोंदीपुढचा एक शब्द त्याने मला विचारला, ‘आपलीच’ म्हणजे काय. मी सांगितले, की तो अर्थ मलाही इतक्या वर्षांत पुरता लागलेला नाही. तू मोठा झालास की पाहा.